जुना संगणक पुन्हा कामाला लागतो तो कसा?

कार्यालयात नवे संगणक आले की जुने मागच्या खोलीत रचून ठेवले जातात. वर्ष-दोन वर्षांनी ती खोली मोकळी करायची वेळ येते आणि सगळा ढीग किलोच्या भावाने भंगारात जातो. त्यातले बरेचसे संगणक बिघडलेले नसतात, नुसते मंदावलेले असतात. त्याच जिल्ह्यात एखाद्या वाचनालयाला, वसतिगृहाला किंवा बारावीनंतर शिकणाऱ्या मुलीला एक साधा, चालता संगणक हवा असतो, पण नवा घेणे परवडत नाही. स्वयंसेवकांनी चालवलेली कार्यशाळा ही दोन टोके जोडू शकते. दान आलेले संगणक घ्यायचे, त्यांतली जुनी माहिती कायमची पुसायची, दुरुस्ती करायची, नवी प्रणाली बसवायची आणि गरजूंच्या हाती द्यायचे, असे हे काम आहे.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर ते फार अवघड नाही. थोडी हत्यारे, एक मोठे टेबल, चांगली वीज आणि शिकायची तयारी एवढे असले की सुरुवात होते. खरी कसोटी नंतर लागते. दिलेला संगणक सहा महिन्यांनी बंद पडला तर तो कोण पाहणार, या प्रश्नाचे उत्तर आधी तयार नसेल, तर दान म्हणजे भंगाराची खोली बदलणे एवढेच उरते.

नूतनीकरण म्हणजे नेमके काय?

दुरुस्ती, नूतनीकरण आणि पुनर्चक्रण हे तीन शब्द बोलताना एकमेकांत मिसळतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. दुरुस्तीत यंत्र ज्याचे आहे त्याच्याकडेच परत जाते. नूतनीकरणात यंत्राचा मालक बदलतो. त्यामुळे आधीच्या मालकाची माहिती काढणे, सगळे भाग तपासणे आणि यंत्र कोणत्या अवस्थेत आहे ते नव्या मालकाला सांगणे ही जबाबदारी मधल्या माणसावर येते. पुनर्चक्रणात यंत्र यंत्र म्हणून राहत नाही. ते फोडून त्यातले तांबे, ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि मौल्यवान धातू वेगळे केले जातात.

क्रम महत्त्वाचा आहे. अख्खा संगणक चालवता आला तर तो चालवावा. नाही जमले तर त्याचे चांगले भाग दुसऱ्या संगणकाला वापरावेत. तेही संपले की उरलेला कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा.

एवढा खटाटोप कशासाठी?

संगणक वापरताना वीज लागते हे सर्वांना दिसते. तो बनवताना काय लागते ते दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एक डेस्कटॉप संगणक आणि १७ इंची जुन्या पद्धतीचा मॉनिटर तयार करायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि सुमारे दीड टन पाणी खर्ची पडत असे. आजचे लॅपटॉप हलके आहेत, पण मुद्दा तोच आहे: लॅपटॉपच्या आयुष्यातल्या एकूण पर्यावरणीय भाराचा मोठा हिस्सा तो गिऱ्हाइकाच्या हातात येण्याआधीच पडून गेलेला असतो. म्हणून त्याचे आयुष्य तीन-चार वर्षांनी वाढवणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

दुसरी बाजू कचऱ्याची. जागतिक ई-कचऱ्याचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के योग्य पद्धतीने गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे.

त्यात अलीकडे एका तारखेची भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे यंत्र म्हणून ठणठणीत असलेले असंख्य संगणक कार्यालयांच्या लेखी कालबाह्य ठरले. दान येणाऱ्या संगणकांत येती काही वर्षे असेच संगणक जास्त असण्याची शक्यता आहे.

वर्ध्यात हा विचार नवा नाही

यंत्र कसे असावे, यावर वर्ध्याच्या परिसरात जेवढा विचार झाला तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या होत्या. चरखा खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा, भारतात तो १५० रुपयांच्या आत तयार व्हावा, वेळच्या वेळी देखभाल केल्यास किमान २० वर्षे चालावा आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा. म्हणजे १५० रुपयांच्या चरख्याला वर्षाकाठी साडेसात रुपये. सर्व अटी पूर्ण करणारे यंत्र मिळाले नाही आणि बक्षीस कोणालाच गेले नाही. पण यंत्राच्या किमतीसोबत त्याच्या देखभालीचाही हिशेब मांडण्याची ती पद्धत आजही उपयोगी आहे.

पुढे १९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताने करायच्या कामातून शिकणे हा तिचा गाभा. १९३८ साली मगन संग्रहालय उभे राहिले आणि तिथे ग्रामोद्योगांची साधने लोकांना पाहायला ठेवली गेली.

महाराष्ट्रात संगणकाच्या बाबतीतही हा विचार एकदा येऊन गेला. २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या लहान वस्तीच्या शाळेत मुलांना ‘एक्सओ’ नावाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप देण्यात आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा तो भाग होता. हा लॅपटॉप साध्या पेचकसाने उघडता येत असे आणि दुरुस्तीत एखादा स्क्रू हरवलाच तर जादा स्क्रू यंत्राच्या आतच बसवलेले होते. बाजारातले संगणक असे गावाचा विचार करून बनवलेले नसतात. म्हणून ते गावाला देण्याआधी आणि दिल्यानंतर माणसांना जास्त काम करावे लागते.

पहिली पायरी: काय घ्यायचे, काय नाही

नव्या कार्यशाळेची सर्वांत मोठी चूक म्हणजे येईल ते घेणे. जागा भरते, निम्मे सामान निरुपयोगी निघते आणि कचरा हलवण्याचा खर्च अंगावर पडतो. म्हणून दारावरच नियम लावलेले बरे.

साधारणपणे ६४ बिटचा प्रोसेसर, डीडीआर३ किंवा त्यापुढची रॅम आणि किमान ४ जीबीपर्यंत वाढवता येणारी क्षमता असेल तर संगणकावर मेहनत घेण्यात अर्थ आहे. त्याहून जुन्या डेस्कटॉपला वीज जास्त लागते, सुटे भाग मिळत नाहीत आणि आजची संकेतस्थळे त्यावर रडतखडत उघडतात. जुने, मागे फुगीर असलेले मॉनिटर घेऊ नयेत. त्यांच्या काचेत शिसे असते आणि ते वापरणारे कोणी उरलेले नाही. ज्या लॅपटॉपचा बायोस पासवर्ड देणाऱ्यालाच ठाऊक नाही किंवा जो कंपनीने दूरवरून कुलूपबंद केला आहे, तो कुलूप काढून मिळेपर्यंत स्वीकारू नये. चार्जर, केबल आणि कीबोर्ड सोबत मागून घ्यावेत. लॅपटॉप फुकट आणि चार्जर विकत अशी वेळ येऊ नये.

सरकारी कार्यालय किंवा जिल्हा परिषदेची शाळा देणारी असेल तर आणखी एक गोष्ट आहे. तिथला संगणक डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेला असतो. त्याचे रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय तो कोणालाही देता येत नाही. मुख्याध्यापकांची इच्छा असली तरी कागद आधी लागतो.

आलेल्या प्रत्येक यंत्राला क्रमांक द्यावा आणि त्याचे एक कार्ड करावे: कोणाकडून आले, कोणत्या तारखेला, कंपनी व मॉडेल, अनुक्रमांक, आत हार्ड डिस्क आहे की नाही, काय तक्रार आहे. पुढे हेच कार्ड यंत्रासोबत फिरते.

दुसरी पायरी: माहिती पुसणे

इतर कोणत्याही कामाआधी हे काम. संगणक देणाऱ्याच्या मनात सर्वांत मोठी भीती असते ती याचीच, आणि ती रास्त आहे. जुन्या हार्ड डिस्कवर आधार कार्डाच्या प्रती, बँकेचे तपशील, घरचे फोटो, रुग्णांच्या नोंदी, काहीही असू शकते.

फाइल डिलीट करणे म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडण्यासारखे आहे. पाने जागेवरच राहतात. झटपट ‘फॉरमॅट मारणे’ हेही तेवढेच. हार्ड डिस्क खऱ्या अर्थाने पुसायची तर तिच्या प्रत्येक भागावर नवे काहीतरी लिहावे लागते. एनवाइपसारखी मोफत साधने हे करतात. पस्तीस वेळा लिहावे लागते अशी जुनी समजूत आहे, पण आजच्या चुंबकीय डिस्कसाठी संपूर्ण डिस्कवर एकदा लिहून ते पडताळणे सर्वसाधारण वापराला पुरते. मोठ्या डिस्कला यात काही तास जातात, म्हणून हे काम रात्रभर लावून ठेवतात.

एसएसडीची गोष्ट वेगळी. ती आतल्या पेशी समान झिजाव्यात म्हणून माहिती स्वतःच इकडून तिकडे हलवत असते. त्यामुळे वरून लिहिलेले प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचेलच असे नाही. तिच्यासाठी डिस्कमध्येच दिलेली ‘सुरक्षित पुसण्याची’ आज्ञा वापरावी लागते. जी डिस्क बिघडल्यामुळे पुसताच येत नाही ती ड्रिलने भोके पाडून निकामी करावी आणि तशी नोंद कार्डावर ठेवावी. देणाऱ्याला हवे असेल तर डिस्क त्याच्या डोळ्यांदेखत काढून परत द्यावी.

एक नियम लिखित असावा: पुसण्याआधी कोणत्याही स्वयंसेवकाने डिस्कवरचे काही उघडून पाहायचे नाही. कार्यशाळेची पत यावरच टिकते.

तिसरी पायरी: दुरुस्ती

दुरुस्तीची सुरुवात धुळीपासून होते. कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअरने साफ करतात. पंख्याची पाती त्या वेळी बोटाने धरून ठेवावी लागतात, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भरमसाट वेगाने फिरून खराब होतो. निम्म्या तक्रारींचे मूळ फार साधे असते. संगणक चालू होतो पण पडदा काळा आणि आतून बीप-बीप आवाज, अशा वेळी रॅम काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने घासून पुन्हा बसवतात. अनेकदा एवढ्यानेच काम होते. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. तो सेल संपला की घड्याळ चुकते, घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि वापरणाऱ्याला वाटते की इंटरनेटच बंद आहे.

प्रोसेसर आणि त्यावरच्या उष्णता-शोषकाच्या मध्ये थर्मल पेस्टचा थर असतो. काही वर्षांत तो सुकून खडूसारखा होतो. जुना थर पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली की तापमान खाली येते. मदरबोर्डवरचे छोटे दंडगोल, ज्यांना दुकानात कंडेन्सर म्हणतात, वरून फुगलेले किंवा गळलेले दिसले तर बोर्ड कधीही दगा देणार हे समजावे. ते बदलता येतात, पण त्यासाठी सोल्डरिंगचा हात बसलेला माणूस हवा.

वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, तपासायला मल्टिमीटर पुरतो. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट यायला हवेत. पाच टक्क्यांचा फरक चालतो. ही पेटी नवख्याने उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातल्या कंडेन्सरमध्ये जीवघेणा भार शिल्लक असू शकतो. सदोष एसएमपीएस बदलायचा, उघडायचा नाही.

तसाच कडक नियम फुगलेल्या लॅपटॉप बॅटरीचा. टचपॅड वर आलेले दिसले किंवा तळ डुगडुगला तर आधी बॅटरी बाहेर काढावी, ती दाबू, टोचू किंवा चार्ज करू नये, आणि खोलीबाहेर वाळूच्या बादलीत ठेवून लवकरात लवकर योग्य ठिकाणी पाठवावी. लिथियमची आग पेटली की विझवणे कठीण जाते.

आता सुधारणा. मंद संगणकाला वेग देणारा एकच भाग निवडायचा झाला तर तो एसएसडी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवली की दोन-तीन मिनिटांत सुरू होणारा संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो. दुसरा क्रमांक रॅमचा. ती विकत घेण्याआधी भंगारात निघालेल्या यंत्रांतून मिळते का ते पाहतात. एकाच मॉडेलचे पाच संगणक आले तर त्यांतून तीन चांगले उभे राहतात आणि उरलेले दोन पुढच्या वर्षीचे सुटे भाग होतात. म्हणून एकाच कार्यालयाचा एकसारखा साठा सुट्या, तऱ्हेतऱ्हेच्या दानापेक्षा अधिक मोलाचा असतो.

चौथी पायरी: प्रणाली आणि मराठी

दुकानातली सवय अशी असते की कोणतीही विंडोज पेन ड्राइव्हवरून टाकून द्यायची. कार्यशाळेने हे करू नये. विनापरवाना प्रत बेकायदा आहेच, शिवाय ती चालवण्यासाठी वापरलेल्या ‘क्रॅक’मधून विषाणू येण्याचा धोका असतो. यंत्र विंडोज ११ ला योग्य असेल आणि त्याचा परवाना यंत्राशी जोडलेला असेल तर विंडोज ठेवावी. नाहीतर लिनक्स.

लिनक्समध्ये निवड भरपूर आहे. विंडोजची सवय असलेल्याला लिनक्स मिंट जवळची वाटते. ४ जीबी रॅमवर तिची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू बरी चालते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. ३२ बिटच्या यंत्रांना मात्र दिवस वाईट आले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय थांबवली.

मराठीची सोय आधीच करून द्यावी. देवनागरी फॉण्ट, इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक, लिबरऑफिस, आणि इंटरनेट नसेल तिथे किविक्सवर उतरवून ठेवलेला मराठी विकिपीडिया, एवढे असले की संगणक घरात शिरताच उपयोगी पडतो. एक संगणक असा नीट सजवून क्लोनझिलाने त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवली की वेळ वाचतो आणि सगळीकडे एकच मांडणी राहते. मग फोनवर अडचण सोडवणेही सोपे जाते.

घेणाऱ्याला खरे ते सांगावे. टॅली शिकायची असेल किंवा एखाद्या अभ्यासक्रमाला विंडोजच लागत असेल, तर लिनक्सचा संगणक त्याच्या कामाचा नाही. तो गळ्यात मारू नये.

पाचवी पायरी: वर्ध्याच्या हवेत टिकेल का?

दुरुस्त झालेला संगणक लगेच देत नाहीत. मेमटेस्टने रॅम रात्रभर तपासतात, डिस्कचा स्वतःच्या प्रकृतीचा अहवाल वाचतात आणि यंत्र किमान एक-दोन दिवस सलग चालू ठेवतात. कीबोर्डची प्रत्येक कळ, सगळी यूएसबी तोंडे, आवाज, वायफाय, कॅमेरा यांची यादी करून खुणा करतात.

विदर्भात या तपासणीला आणखी धार हवी. मे महिन्यात वर्ध्याचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. खोलीतली हवाच एवढी तापलेली असेल तर पंखा प्रोसेसरला थंड करणार कशाने? तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि मग बंद पडतो. म्हणून हिवाळ्यात तपासलेल्या यंत्राची उन्हाळ्याची हमी देता येत नाही. पंख्यांची सफाई होळीच्या सुमारास ठरवून केली तर निम्मा त्रास टळतो. हिंगणघाटसारख्या कापसाच्या बाजारपेठेत जिनिंगच्या आसपास उडणारे तंतू उष्णता-शोषकाच्या पात्यांत अडकून गादीच तयार होते. तिथे ही सफाई वर्षातून दोनदा लागते.

विजेचेही तसेच. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असे समजावे. तीन पिनांच्या वायरची जाड पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणे ही गावोगाव दिसणारी आणि धोक्याची युक्ती आहे. डेस्कटॉप द्यायचा तर यूपीएसचा विचार करावा लागतो, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. त्यामुळे जिथे वीज वारंवार जाते तिथे अर्धा तासच टिकणारी बॅटरी असलेला जुना लॅपटॉपसुद्धा चांगल्या डेस्कटॉपपेक्षा सोयीचा पडतो.

देणे सोपे, सांभाळणे अवघड

शाळांना संगणक देण्याच्या योजना नव्या नाहीत. केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना २००४ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत तिच्यातून संगणक कक्ष आले. ते कंत्राटावर चालवले गेले आणि कंत्राटाची मुदत पाच वर्षांची होती. अशा कोणत्याही व्यवस्थेत मुदत संपली की शिकवणारा आणि दुरुस्त करणारा दोघेही एकदम जातात आणि यंत्रे शाळेत उरतात. बंद पडलेल्या संगणकाची शाळेला अडचणच होते: तो वापरता येत नाही, निर्लेखन होईपर्यंत टाकताही येत नाही, आणि एक खोली अडकून पडते.

दानातल्या संगणकाचे असे होऊ नये यासाठी काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. शाळेत किंवा वाचनालयात यंत्राची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती नावानिशी हवी. कार्यशाळेचा एक फोन क्रमांक आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस हवा. न चालणारे यंत्र परत घेण्याची हमी हवी. ही हमीच शाळेला सर्वांत जास्त धीर देते. आणि एकाच वेळी दहा गावांना एकेक संगणक देण्यापेक्षा एका गावाला नीट चालणारे चार देणे बरे, कारण एका फेरीत चारही पाहता येतात. आर्वी-आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत आठ तालुके पसरलेल्या जिल्ह्यात एसटीने एका दुरुस्तीला जायचे तर अख्खा दिवस जातो.

याहून टिकाऊ उपाय म्हणजे घेणाऱ्यालाच थोडी दुरुस्ती शिकवणे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००० साली सुरू झालेल्या ‘फ्री गीक’ या संस्थेने यातून एक पद्धत रूढ केली: स्वयंसेवकाने तिथे काम करावे, दान आलेल्या सुट्या भागांतून संगणक बांधायला शिकावे आणि त्या बदल्यात एक संगणक घरी न्यावा. नेदरलँड्समध्ये २००९ पासून रुजलेल्या ‘रिपेअर कॅफे’चा नियमही मिळताजुळता आहे: वस्तू ठेवून जायचे नाही, दुरुस्त करणाऱ्याशेजारी बसायचे.

हे वर्ध्याला परके वाटायचे कारण नाही. नई तालीम याहून वेगळे काय सांगत होती? वसतिगृहातल्या मुलीने स्वतः रॅम काढून बसवली, पेस्ट लावली, प्रणाली टाकली, की तो संगणक बंद पडल्यावर ती आधी झाकण उघडते. नुसता हातात मिळालेला संगणक बंद पडला की त्यावर कापड टाकले जाते. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले किंवा आयटीआयमधले विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि निवृत्त तंत्रज्ञ यांच्या बळावर अशी शिकण्याची साखळी उभी राहू शकते. फक्त विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात हे लक्षात ठेवून प्रत्येक जुन्याने एक नवा तयार करायचा, हा शिरस्ता लागतो.

कायदा काय म्हणतो?

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत नूतनीकरण करणाऱ्याची स्वतंत्र व्याख्या आहे: वापरलेले विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण त्याच कामासाठी आणखी चालावे म्हणून दुरुस्त किंवा जुळणी करून बाजारात विकणारा. अशा व्यक्तीला किंवा संस्थेला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, विवरणपत्रे भरावी लागतात आणि कामातून निघालेला ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावा लागतो.

व्याख्येत विक्रीचा उल्लेख आहे. त्यामुळे नाममात्र किंमत घेऊन संगणक देणारी कार्यशाळाही नोंदणीच्या कक्षेत येऊ शकते. पूर्ण मोफत देणाऱ्या गटानेही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करून उत्तर लेखी घेतलेले चांगले. कचऱ्याबाबत मात्र हयगय नको. उरलेले बोर्ड आणि वायरी ओळखीच्या भंगारवाल्याला दिल्या की पुढे तांब्यासाठी वायर जाळणे आणि सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवणे सुरू होते. तो धूर आणि ते पाणी कुणाच्या तरी वस्तीतच जाते. एका चांगल्या कामाचा शेवट असा होऊ नये म्हणून कचरा साठवून, वजन करून, पावती घेऊन द्यावा.

कधी थांबावे

प्रत्येक संगणक वाचवायचा नसतो. ज्यावर तीन शनिवार गेले आणि तरीही जो दिवसातून एकदा अडकतो, तो सुट्या भागांच्या कपाटात गेलेला बरा. गरजूला दिलेले यंत्र जुने असले तरी चालते, पण बेभरवशाचे चालत नाही. परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री ते बंद पडले तर दान देणाऱ्याचे काही जात नाही, घेणाऱ्याचे वर्ष जाते.

म्हणून कार्यशाळेच्या वहीत वर्षअखेर मोजायची संख्या ‘किती संगणक दिले’ ही नव्हे. दिलेल्यांपैकी किती आज चालू आहेत आणि बंद पडलेल्यांपैकी किती गावातच दुरुस्त झाले, हे दोन आकडे पुरेसे आहेत. चरख्याच्या बक्षिसाच्या अटींत किमतीच्या शेजारी देखभालीचा रकाना होता. संगणकाच्या दानातही तो रकाना रिकामा ठेवून चालत नाही.